शेजारचा विस्तव

काडेपेटी जपून वापरायची वस्तू होती, त्या काळी सकाळी चूल पेटवायची झाली की घरची बाई शेणीच्या तुकड्यावर शेजारणीकडून विस्तव घेऊन येई, असे आपल्या आज्या-पणज्या सांगतात. एक निखारा दिल्याने शेजारणीची चूल विझत नसे आणि आपली मात्र पेटे. तो निखारा काही दिवसभराचा स्वयंपाक शिजवीत नसे. तो फक्त सुरुवात करून देई, पुढचे काम आपल्याच लाकडांचे. एका गाडीची उतरलेली बॅटरी दुसऱ्या गाडीच्या मदतीने जागी करणे हा याच जातीचा शेजारधर्म आहे. फरक इतकाच की निखारा आणताना हात भाजेल हे सर्वांना ठाऊक असते, बॅटरीच्या बाबतीत मात्र धोका कोठे आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून हा लेखनप्रपंच.

मी दांडीची. मिठाच्या सत्याग्रहाची दांडी गुजरातेत, नवसारीकडे. आमची दांडी पालघर तालुक्यात, बोईसरच्या पश्चिमेला अगदी समुद्राला लागून. (गावाच्या नावावरून हजेरीच्या वेळी होणारे विनोद मी तीन वर्षे ऐकत आले आहे, म्हणून येथे ते पुन्हा करीत नाही.) गावात मासेमारीचा धंदा, त्यामुळे मासळी बाजारात नेणारे टेम्पोही आलेच. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की यातले काही टेम्पो आणि जीपगाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या राहतात. आणि उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरत जाते, हे या प्रकरणाचे मूळ आहे.

आता बॅटरी म्हणजे काय ते पाहू. कला शाखेच्या वाचकांनी घाबरून पान उलटू नये, शाळेतले रसायनशास्त्र यासाठी पुरेसे आहे. शिसे आणि गंधकाम्ल यांची ही बॅटरी गॅस्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केली, आणि तिचे तत्त्व आजतागायत बदललेले नाही. मोटारीच्या बॅटरीत सहा घरे असतात. प्रत्येक घरात दोन प्रकारच्या पट्ट्या असतात, एक शिशाच्या डायऑक्साइडची आणि दुसरी सच्छिद्र शिशाची. दोन्ही पातळ केलेल्या गंधकाम्लात बुडालेल्या असतात. एका घरातून सुमारे २.१ व्होल्ट मिळतात, सहा घरांचे मिळून सुमारे १२.६. बॅटरी खर्च होते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर चढतो आणि आम्लाचे जवळजवळ पाणी होऊ लागते. पूर्ण भरलेल्या बॅटरीतील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व १.२६ ते १.२८ असते, उतरलेल्या बॅटरीत ते १.१२ च्या आसपास येते. बॅटरीवाल्याच्या दुकानात रबरी फुग्याची काचनळी आम्लात बुडवून पाहतात, ती हेच मोजण्यासाठी. गाडी चालू असताना अल्टरनेटर (जुने चालक त्याला अजून डायनामोच म्हणतात) सुमारे १४ व्होल्टचा प्रवाह उलट दिशेने बॅटरीत ढकलतो, आणि पट्ट्या व आम्ल पूर्वस्थितीला येतात.

बॅटरीचे सर्वांत कष्टाचे काम म्हणजे सेल्फ फिरवणे. पूर्वी मोटारीच्या तोंडात लोखंडी हँडल घालून इंजिन हाताने फिरवावे लागे. चार्ल्स केटरिंगने बसवलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला आणि ते कष्ट हळूहळू संपले. पण माणसाच्या दंडातले ते बळ आता बॅटरीने पुरवायचे असते. लहान मोटारीचा सेल्फ क्षणभरात दीडशे-दोनशे अँपिअर प्रवाह ओढतो, डिझेल गाडीचा त्याहूनही जास्त. म्हणूनच दिवे मिणमिणतात, हॉर्न कसाबसा वाजतो, पण किल्ली फिरवली की नुसते ‘कट-कट’ होते. अशा गाडीला धक्का मारून चालू करता येते हे खरे, पण त्याला हाताने गिअर टाकायची गाडी हवी, चार माणसे हवीत आणि पायाखाली घट्ट रस्ता हवा. पावसाळ्यातल्या चिखलात यातली शेवटची गोष्ट आमच्याकडे मिळत नाही.

अशाच एका आषाढातल्या रात्री वीज गेलेली, पाऊस कोसळत होता आणि शेजारच्या वहिनींना कळा सुरू झाल्या. दारातली जीप कित्येक दिवस जागची हललेली नव्हती. सेल्फ मारला, कट-कट झाले आणि संपले. पलीकडच्या आळीतले मासळीच्या टेम्पोचे एक चालक-काका निरोप मिळताच टेम्पो घेऊन आले. उजेड धरण्याचे काम माझ्याकडे होते. (टॉर्चलाही आमच्याकडे बॅटरीच म्हणतात, त्यामुळे ‘बॅटरी बॅटरीवर धर’ अशी आज्ञा झाली.) काकांनी तीन चिमटे झटपट लावले. चौथा मात्र बॅटरीला न लावता ते खाली वाकून इंजिनाचा एक बोल्ट शोधू लागले. घरातले सगळे उतावीळ झाले होते. मी म्हटले, “काका, बॅटरी तर ही समोर आहे.” ते शांतपणे म्हणाले, “पोरी, शेवटच्या चिमट्याला ठिणगी उडते. ती इथं उडाली तर डोळे जातील.” बोल्ट सापडला, चिमटा बसला, आणि दुसऱ्या प्रयत्नाला जीप चालू झाली. वहिनी वेळेवर दवाखान्यात पोहोचल्या.

काकांचा तो क्रम एखाद्या मंत्रासारखा पाठ करता येतो. परंतु मंत्र घाईत विसरतो, कारण मात्र विसरत नाही. म्हणून प्रत्येक पायरीबरोबर तिचे कारणही देत आहे.

प्रथम दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच आहेत याची खात्री करावी. मोठ्या ट्रक-बसमध्ये बहुधा २४ व्होल्टची व्यवस्था असते, ती १२ व्होल्टच्या गाडीला कदापि जोडू नये. बॅटरीचे कवच तडकलेले वा फुगलेले असेल, आम्ल गळत असेल, तर तेथेच थांबावे. दोन्ही गाड्या जवळ, पण एकमेकींना न टेकता उभ्या कराव्यात. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, किल्ल्या आणि दिवे बंद. हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवावे. १२ व्होल्टचा झटका माणसाला बसत नाही हे खरे. पण बॅटरीच्या दोन टोकांमध्ये पाना किंवा बांगडी आडवी पडली, तर तिच्यातून शेकडो अँपिअर वाहतात आणि ती क्षणात लाल होते.

मग लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावे (तेथे अधिकचे चिन्ह असते) आणि दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील रंग नसलेल्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर.

लाल आधी का? गाडीचा सगळा लोखंडी सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. काळी केबल आधी जोडून मग हातातला लाल चिमटा चुकून पत्र्याला लागला, तर थेट शॉर्टसर्किट. लाल आधी जोडली, की शेवटी हातात राहणारा काळा चिमटा पत्र्याला लागला तरी बिघडत नाही, त्याची जागा तीच आहे. आणि शेवटचा चिमटा बॅटरीपासून दूर का? बॅटरी भरताना आम्लातल्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि प्राणवायू बाहेर पडतात. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्के झाले तरी तो पेट घेऊ शकतो. मंडल पूर्ण होते ते शेवटच्या चिमट्याने, म्हणून ठिणगी उडते ती तेथे. ती बॅटरीच्या तोंडाशी उडाली तर कवच फुटते आणि आम्ल वर येते, नेमके वाकून पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर. दुर्दैवाने असे झालेच, तर डोळे निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याच्या धारेखाली धरावेत आणि तडक डॉक्टर गाठावा.

यानंतर चांगली गाडी चालू करून पाचेक मिनिटे तशीच ठेवावी. तेवढ्यात बंद बॅटरीत थोडा जीव येतो. मग बंद गाडीचा सेल्फ मारावा, एका वेळी दहा सेकंदांहून अधिक नाही, मध्ये विश्रांती देऊन. गाडी चालू झाली की चिमटे उलट्या क्रमाने काढावेत, म्हणजे जो शेवटी लागला तो प्रथम निघेल.

केबलविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. काही जण घरातली विजेची वायर वापरू पाहतात. साधा हिशेब करून पाहा. केबलचा रोध ०.०१ ओहम एवढा किरकोळ असला, तरी २०० अँपिअर प्रवाहात २ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि सेल्फला १२ ऐवजी १० मिळतात. वाटेत गेलेली ती शक्ती ४०० वॉट होते, म्हणजे केबल तापणार हे ओघानेच आले. बारीक वायरीचा रोध याहून अधिक, त्यामुळे तिचे वेष्टण वितळते. सबब केबल जाड तांब्याची असावी.

येथे एक प्रश्न मनात येतो. १२ आणि १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडल्या तर २४ व्होल्ट होत नाहीत का? होत नाहीत. धन टोक धन टोकाला आणि ऋण टोक ऋणाला, अशी समांतर जोडणी केली की व्होल्ट तेवढेच राहतात, फक्त बळ वाढते. एकीचे धन दुसरीच्या ऋणाला, अशी एकसर जोडणी केली तरच व्होल्टची बेरीज होते.

एकसर जोडणीचे एक उदाहरण तारापूरच्या परिसरात राहणाऱ्यांना विचार करायला लावणारे आहे. आमच्या गावाच्या उत्तरेला किनाऱ्यावर असलेल्या तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ सालच्या, उकळत्या पाण्याच्या प्रकारातल्या. जपानमधील फुकुशिमा दाइइची केंद्रातील अणुभट्ट्याही त्याच प्रकारच्या, पण नंतरच्या आराखड्याच्या. ११ मार्च २०११ रोजी भूकंपामागोमाग त्सुनामीचे पाणी तेथे शिरले, डिझेल जनित्रे बंद पडली. पहिल्या आणि दुसऱ्या अणुभट्टीच्या बॅटऱ्या पाण्यात गेल्या, तिसरीच्या पुढे उतरत गेल्या. अंधारात बसलेल्या कर्मचाऱ्यांना अणुभट्टीतली पाण्याची पातळीही दिसेना. तेव्हा त्यांनी आवारातल्या वाहनांच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि मापकांना जोडल्या. तिसऱ्या अणुभट्टीचा दाब उतरवणाऱ्या झडपांसाठी त्यांनी आपल्याच मोटारींतल्या १२ व्होल्टच्या १० बॅटऱ्या गोळा केल्या आणि एकसर जोडून १२० व्होल्ट केले. पुढचा अनर्थ त्यामुळे टळला नाही, तिन्ही अणुभट्ट्यांचे इंधन वितळले. तरीही एवढ्या प्रचंड यंत्रणेला अखेरच्या घटकेला साध्या मोटारीच्या बॅटरीकडे हात पसरावा लागला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुन्हा आपल्या गाडीकडे वळू. गाडी चालू झाली म्हणजे बॅटरी भरली, असा समज करून घेऊ नये. ती निदान अर्धा-पाऊण तास चालवावी, आणि शक्य तर दुकानात नेऊन बॅटरी पूर्ण भरून घ्यावी. कित्येक महिने उतरून पडलेल्या बॅटरीत सल्फेटचे खडे कठीण होतात, तिला मग कोणाचाच विस्तव लागत नाही. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत टोकांवर चढणारा पांढरा-हिरवट थर खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पुसून काढावा. पुष्कळदा बॅटरी चांगली असते, आणि या थरानेच प्रवाह अडतो. आठवड्यातून एकदा गाडी थोडी फिरवून आणावी, किंवा फार दिवस उभी राहणार असेल तर काळे टोक सोडवून ठेवावे. आणखी एक सूचना. विजेवर चालणारी वा हायब्रिड गाडी दुसरीला मदत करण्यासाठी वापरू नये. गाडीबरोबरच्या पुस्तिकेत काय म्हटले आहे ते आधी वाचावे.

आपल्या महाविद्यालयात अनेक जण दुचाकीने, काही घरच्या टेम्पो-जीपने येतात. त्यांना इंजिनाचे शास्त्र यावे असा आग्रह नाही. पण आपल्या वाडीत ही केबल कोणाकडे आहे, आपली गाडी किती व्होल्टची आहे आणि शेवटचा चिमटा कोठे लावायचा, एवढ्या तीन गोष्टी प्रत्येकाने आजच विचारून ठेवाव्यात. त्या दिवसाउजेडी विचारल्या तर दोन मिनिटे लागतात, रात्री पावसात विचारायला वेळ नसतो.