राखोली ते नरोली : दमणगंगेच्या काठाने एक दिवस

सिल्वासाचा इतिहास समजून घ्यायचा तर राखोलीच्या पुलापासून नरोलीपर्यंत दमणगंगेच्या काठाने एकदा चालावं. काठ जिथे तुटतो तिथे गावरस्ता धरायचा. वाटेत सिल्वासा एका तीरावर, नरोली दुसऱ्या.

मराठ्यांनी पोर्तुगिजांचं ‘सांताना’ जहाज पकडलं होतं. त्याच्या भरपाईपोटी १७८३ मध्ये नगर हवेलीचा महसूल पोर्तुगिजांकडे गेला. पुढे त्यांनी इथे राज्यच केलं. पण हा मुलूख समुद्रापासून तुटलेला. नाशिकच्या डोंगरातून आलेलं दमणगंगेचं पाणी इथून थेट दमणला पोचतं. पोर्तुगीज शिपायाला मात्र दमणहून इकडे यायला मधला भारतीय प्रदेश ओलांडावा लागे.

१९५४ मध्ये नेमकं हेच निर्णायक ठरलं. स्वयंसेवकांनी जुलैत दादरा घेतलं, २८ जुलैला नरोली, २ ऑगस्टला सिल्वासा. गायक-संगीतकार सुधीर फडके या लढ्यात होते. भारताने पोर्तुगीज फौजेला वाट दिली नाही, तेव्हा पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. १२ एप्रिल १९६० च्या निकालानुसार प्रवासी, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता, सैन्याला नव्हता.

चालायला हिवाळा बरा. वरच्या अंगाला मधुबन धरण आहे. पावसाळ्यात दरवाजे उघडले की पाणी झपाट्याने चढतं, तेव्हा पात्रात उतरू नये. नरोलीला पोचलात की मागे वळून सिल्वासाकडे बघा : त्या पाच दिवसांत मधे हीच नदी होती, आणि तीही ऐन पावसाळ्यातली.