आधी दम, मग वेग

बेसा परिसरात पहाटे पाचला घराबाहेर पडलात, तर अंधारात पावलांचा आवाज ऐकू येतो. ही आमचीच मुले-मुली असतात. कुणी बारावी झालेले, कुणी पदवी घेऊन घरी बसलेले. सर्वांच्या मनात एकच गोष्ट असते, पोलीस भरती. आम्ही काही दिवस त्यांच्याबरोबर फिरलो, त्यांचे पळणे पाहिले आणि वाटले, यावर चार शब्द लिहिलेच पाहिजेत. कारण मेहनत खूप आहे, पण ती बरेचदा चुकीच्या दिशेने चालली आहे.

प्रथम हिशेब समजून घेऊ. २०२२ नंतरच्या नियमांप्रमाणे शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यांपैकी २० गुण मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्यासाठी असतात. पूर्ण गुण हवे असतील तर मुलाने ५ मिनिटे १० सेकंदांत आणि मुलीने २ मिनिटे ५० सेकंदांत अंतर संपविले पाहिजे. म्हणजे चारशे मीटरची प्रत्येक फेरी मुलाला साधारण साडेसत्याहत्तर आणि मुलीला पंच्याऐंशी सेकंदांत. (जाहिरात निघाली की नियम पुन्हा वाचावेत.)

आमच्या वस्तीतला एक मुलगा पहिल्याच दिवशी जीव तोडून पळाला. दुसऱ्या फेरीला ओकारी आली, नडगी दुखू लागली आणि पंधरा दिवस घरी बसला. वर म्हणाला, "काका, माझ्यात दमच नाही." दम नव्हता असे नाही. दम आधी कमवावा लागतो, हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

दम कमविण्याची रीत साधी आहे. पहिले दोन आठवडे एक मिनिट हळू पळावे, दोन मिनिटे चालावे. असे आठ-दहा वेळा. पळताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलणे तुटत असेल तर वेग जास्त आहे असे समजावे. पुढे पळणे वाढवीत, चालणे कमी करीत न्यावे. आठवड्यातून चार दिवस पुरेत. विश्रांतीच्या दिवशी शरीर रिकामे बसत नाही. हृदय आणि स्नायू त्याच दिवसांत बळकट होत असतात.

सलग अर्धा तास आरामात पळता येऊ लागले, की मग वेगाकडे वळावे. समजा, आज १६०० मीटरला सात मिनिटे लागतात. एकदम पाच मिनिटांचे स्वप्न नको. पहिले लक्ष्य ६ मिनिटे ४० सेकंद ठेवा. त्यासाठी चारशे मीटर १०० सेकंदांत पळा, दोन मिनिटे चाला, असे चार वेळा. हा सराव आठवड्यातून एकच दिवस करावा. शक्यतो मातीच्या मैदानावर पळावे. सिमेंट रस्त्याने गुडघे आणि नडग्या लवकर दुखतात. पावसाळ्यात मात्र आपली काळी माती बुटाला चिकटते आणि पाय घसरतो, तेव्हा जपून.

खाण्यासाठी महागड्या डब्यांची गरज नाही. भिजवलेले चणे, गूळ, अंडी, डाळ-भात, केळी पुरेसे आहे. मुलींनी रक्त तपासून घ्यावे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर कितीही पळा, दम लागणारच. अशा वेळी मुलीला आळशी म्हणू नये, डॉक्टरांकडे न्यावे.

आणि आपल्या नागपूरचे ऊन विसरू नका. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावल्यानंतर काही उमेदवारांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आले. पण आईबापांची लेकरे परत आली नाहीत. उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी सराव संपवावा, मीठ-साखर-लिंबाचे पाणी घ्यावे. चक्कर आली, बोलणे असंबद्ध झाले, तर पळणे तिथेच थांबवून सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे आणि लगेच दवाखाना गाठावा. भरती पुन्हा येते, जीव येत नाही.

उशीर झाला असे कुणी मानू नये. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाले. सियाचीनमध्ये नोकरी केली आणि विशीनंतर धावण्याच्या स्पर्धांत उतरले. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांनी रौप्यपदक घेतले, २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक.

आईवडिलांना आमची एकच विनंती. पहाटे मुलगी पळायला निघाली तर "लोक काय म्हणतील" असे विचारू नका. पहिले काही दिवस तिच्याबरोबर मैदानापर्यंत चालत जा. तिचा दम वाढेल आणि तुमचाही.