उल्हासनगर नेमकं कुठे तुटतं?

मंडळी, आजचा विषय समास. घाबरू नका, कुणाकडून विग्रह म्हणून घेणार नाही! प्रश्न एवढाच आहे: दोन शब्द जोडून एक झाला, तरी बोलताना त्यांचा सांधा कळतो का?

आधी एक ध्यानात घ्या. कागदावरची अक्षरं आणि तोंडातले तुकडे एक नसतात. ‘करवत’ची अक्षरं चार, तुकडे दोन: कर्-वत्. शेवटच्या ‘त’मधला अ गळतो, तसाच ‘र’मधलाही. कसरत, हरकत यांचीही चाल हीच: कस्-रत्, हर्-कत्.

आता याच चालीने आपलं ‘उल्हासनगर’ म्हणा. शेवटी स-न-ग-र आहे, म्हणजे उल्-हा-सन्-गर् व्हायला हवं. म्हणतं का कुणी? इथलं शाळकरी पोरही उल्-हास्-न-गर् म्हणतं. ‘उल्हास’ तिथे संपला आणि ‘नगर’ नव्याने सुरू झालं, हे त्याच्या कानाला ठाऊक असतं. व्याकरण शिकण्याच्या कितीतरी आधी! ‘राजकमल’चंही तसंच, राज्-क-मल्, रा-जक्-मल् नव्हे. देवनागरी हा सांधा दाखवत नाही, आपण तो बोलताना आपणहून घालतो. यंत्राला वाचायला दिलं की ते अडखळतं ते इथेच.

हे नाव तसं नवंच. निर्वासितांच्या छावणीचं शहर करायचं ठरलं, 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींनी पायाभरणी केली, आणि नदीच्या नावापुढे ‘नगर’ लागलं.

अंबरनाथची गोष्ट निराळी. सांधा धरा की धरू नका, उच्चार अम्-बर्-नाथ् असाच होणार. तिथे कान साक्ष देत नाही. पण शिवमंदिरातला शके 982चा, म्हणजे इ.स. 1060चा शिलालेख ‘आम्रनाथ’ म्हणतो. आम्र म्हणजे आंबा. आज आपल्याला तिथे अंबर, म्हणजे आकाश ऐकू येतं. पहिलं पद पार बदललं, ‘नाथ’ जागच्या जागी!

समासात झीज बहुधा पहिल्या पदाची होते. घोड्याची दौड ती घोडदौड, पाण्यात बुडते ती पाणबुडी, फुलांची दाणी ती फुलदाणी. संस्कृतातून आलेल्या शब्दांत तर शुद्धलेखनाचा नियमच आहे: एकटी ‘शक्ती’ दीर्घ, ‘शक्तिपीठ’ मात्र ऱ्हस्व. (बदलापूरचं ‘बदलापुरात’ होतं तेव्हा दुसरं पद आखडतं, पण ते प्रत्ययामुळे, समासामुळे नव्हे.)

आता लिहिण्याकडे वळू. नॉर्वेजियन भाषेतही समास जोडूनच लिहायचा असतो. तिथलं नेहमीचं उदाहरण ‘रॉइकफ्रित’: जोडून लिहिलं तर धूम्रपानमुक्त, मध्ये जागा सोडली तर ‘खुशाल धूम्रपान करा’! हसू नका, आपल्याकडेही ‘पाणी पुरवठा’ असे तोडलेले फलक जागोजाग दिसतात. तिथे अर्थ बिघडत नाही, म्हणून चालून जातं. पण ‘एकमत’ घ्या. जोडा वा तोडा, तुकडे तेच: एक्-मत्. उल्हासनगरात कान सांधा सांभाळतो, इथे तो काहीच सांगत नाही. सगळी भिस्त लिहिणाऱ्याच्या हातावर. सोसायटीच्या इतिवृत्तात ‘ठरावाला एकमताने मंजुरी’ म्हणजे सगळ्यांचा होकार. तेच सुटं ‘एका मताने मंजुरी’ असं लिहिलं, की ठराव जेमतेम एका मताच्या फरकाने तरला असा अर्थ होतो, आणि पुढच्या सभेत भांडायला उभा राहणाऱ्याच्या हाती आयता कागद पडतो.