डाव्या हाताचं काय?

मुलाला घेऊन वाद्यांच्या दुकानात शिरलेले पालक पहिला प्रश्न हमखास पट्ट्यांचा विचारतात. ६१ पुरतील की ८८च हव्यात? प्रश्न चुकीचा नाही, पण तो आधी विचारायचा नव्हे. व्हिएन्नाच्या आंटोन वाल्टरनं बनवलेला मोझार्टचा स्वतःचा पियानो पाच सप्तकांचा होता, म्हणजे ६१ पट्ट्यांचाच. मोझार्टचं ज्यावर भागलं, त्यावर दुसरीतल्या मुलाची पहिली दोन वर्षं अडू नयेत. खरी मेख आहे ती पट्टी दाबल्यावर काय होतं यात.

आपल्या घरांतून सुरांच्या पट्ट्यांची ओळख पेटीनं करून दिली. पेटीची पट्टी हलके दाबा की जोरात, आवाज तेवढाच. तो लहानमोठा होतो भात्यामुळे, आणि भाता सांभाळायला डावा हात अडकलेला. पियानोत भाता नाही, त्याचं काम बोटांनीच करायचं. पट्टी दाबली की नमदा चढवलेला हातोडा तारेकडे झेपावतो आणि तारेला लागण्याच्या किंचित आधी पट्टीच्या यंत्रणेपासून सुटा होतो. बोटाच्या ताब्यात राहतो तो फक्त त्याचा वेग. वेग कमी तर सूर मृदू, जास्त तर खणखणीत. इ.स. १७००च्या सुमारास फ्लोरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं हे जमवलं आणि पियानो जन्माला आला. आजचं इलेक्ट्रॉनिक वाद्य तेच वेगळ्या वाटेनं करतं. पट्टी खाली जाताना दोन सेन्सर एकामागून एक लागतात. मधे किती वेळ गेला त्यावरून यंत्र वेग ओळखतं आणि आवाज ठरवतं.

स्वस्तातल्या कीबोर्डमध्ये नेमकं हेच नसतं. दुकानात ते ओळखायला संगीत यावं लागत नाही. आवाजाचं बटण मध्यावर ठेवा, एकच पट्टी आधी अगदी हलक्या बोटानं आणि मग ठणकावून दाबा. दोन्ही वेळा सारखाच आवाज आला तर ‘टच’ची सोय बंद तर नाही ना, एवढं विक्रेत्याला विचारा. नसेलच, तर पियानो शिकणाऱ्यानं तो कीबोर्ड घेऊ नये. शेजारीशेजारी ठेवलेली जुळी दिसणारी मॉडेलं इथेच फसवतात. कॅसिओच्या सीटी-एस२०० मध्ये ही सोय नाही, सीटी-एस३०० मध्ये आहे. यामाहाच्या पीएसआर-ई२७३ आणि ई३७३ यांचंही तसंच. किमतीत काही हजारांचा फरक पडतो, तेवढे मोजावेत. तीनशे-चारशे आवाज आणि शेकडो ऱ्हिदम यांच्या जाहिरातीला मात्र भुलू नये. त्यातले सहा-सातच आवाज वापरले जातात, बाकीचे पाहुण्यांना ऐकवायला.

त्याच्याही आधी घरात ठरायला हवं की मुलाला वाजवायचंय काय. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा आपल्याकडची बरीच मुलं देतात. त्यांत पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे दोन वेगळे विषय आहेत, अभ्यासक्रमही निराळे. कीबोर्डवर उजवा हात चाल वाजवतो, डावा तीन बोटांनी कॉर्ड धरतो आणि ठेका, बास वगैरे सगळं यंत्र पुरवतं. गॅदरिंगला, भावगीतांच्या साथीला ही गंमत मोठी आहे. गाणाऱ्या मुलीला काळी दोन नको, काळी तीन हवी असेल तर ‘ट्रान्सपोज’चं बटण दाबलं की झालं. यात कमी प्रतीचं काही नाही. पण पियानोत डाव्या हाताला स्वतःचं गाणं असतं, कधी कधी उजव्याच्या विरुद्ध दिशेला जाणारं. तयार ठेक्यावर दोन वर्षं काढलेलं मूल पियानोच्या वर्गात आलं की उजवा हात पुढे निघून गेलेला असतो आणि डावा अजून पहिल्याच धड्यावर. म्हणून आधी शिकवणारे सर किंवा मॅडम ठरवा, त्यांना विचारा आणि मग पाकिटाला हात घाला.

उत्तर ‘पियानो’ असं आलं आणि ऐपत असली, तर ८८ पट्ट्यांचा ‘हॅमर ॲक्शन’वाला डिजिटल पियानो घ्यावा. त्याच्या पट्ट्यांना खऱ्यासारखं वजन असतं, खर्जाकडे जड आणि तारसप्तकाकडे हलकं. यामाहाचा पी-१४५ किंवा रोलँडचा एफपी-१० ही या वर्गातली सुरुवातीची मॉडेलं. नुसत्या ८८ पट्ट्या पाहून हुरळू नका. इतक्या पट्ट्या असूनही कीबोर्डसारखी स्प्रिंगची हलकी पट्टी असलेली वाद्यंही मिळतात. बरोबरचा चौकोनी पेडल पायाखालून सरकत राहतो, शक्य तर पियानोच्या घाटाचा वेगळा घ्यावा. कोपर पट्ट्यांच्या पातळीत येईल असा स्टँड आणि बाक तर हवाच. दिवाणावर वाद्य ठेवून मांडी घालून वाजवलं की मनगट वाकडं बसतं, आणि ती सवय मोडता मोडत नाही. हेडफोन लावल्यानं शेजारी सुखी होतात. खालच्या मजल्यावर पट्ट्यांची धपधप जाते ती जातेच. स्टँडखाली जाड रबरी मॅट घातली की पुष्कळ कमी होते.

लाकडी, तारांचा पियानो वडिलोपार्जित मिळतोय किंवा कुणी जुना फुकट देतंय, असं झालं तर भुरळ पडते. गोव्यात आणि मुंबईत असे पियानो अजून निघतात. त्यात सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण अनेक टनांचा. तो ताण खुंट्यांनी धरून ठेवायचा असतो. खुंट्यांभोवतालचं लाकूड भेगाळलं की सूर लावून गेलेला माणूस दाराबाहेर पडेस्तोवर तारा उतरू लागतात. कोकणपट्टीचा पावसाळा तर त्याचा वैरीच. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, तारांना गंज चढतो, नमद्याला कसर लागते. वर्षातून निदान दोनदा सूर लावून घ्यावे लागतात आणि ते काम जाणणारी माणसं लहान शहरांत सहजी सापडत नाहीत. दोनशे किलोंच्या वर वजनाचं हे धूड जिन्यावरून चढवण्याची मजुरी वेगळीच. तेव्हा फुकटचा पियानो पाहायला जाताना जाणकार सोबत न्यावा, आणि त्यानं झाकण उघडून खुंट्या तपासून नकार दिला तर निमूटपणे परत यावं.

दुकानात मात्र रविवारी जाऊ नका. चार मुलं चार कीबोर्डांवर एकदम तुटून पडलेली असताना हलक्या बोटाचा सूर ऐकूच येत नाही.