पायी निघालेल्या जोडीदाराची भेट कशी ठरवायची?

नोव्हेंबर २०२२ मध्ये भारत जोडो यात्रा आपल्या अकोला जिल्ह्यातून गेली. पातूर आणि बाळापूरच्या रस्त्यावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. राजकारण बाजूला ठेवू. आम्ही त्या गर्दीत उभे होतो तेव्हा आमचं लक्ष कन्याकुमारीपासून रोज चालत आलेल्या साध्या यात्रेकरूंकडे होतं. कोणी त्यांना पाणी देत होतं, कोणी फोटो काढत होतं. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका खाला हळूच म्हणाल्या, "यांच्या घरी कोण असन बाप्पा? यांची भेट केव्हा होत असन?"

तो प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही, कारण हा प्रश्न आपल्याही घरांतला आहे. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांतून माणसं चाळीस दिवस किंवा चार महिने पायी जमातीत जातात. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातून शिहाब चोट्टूर जून २०२२ मध्ये पायी हजला निघाले, तेव्हा आपल्याकडच्या तरुणांनी त्यांचा प्रवास रोज मोबाईलवर पाहिला, आणि काहींच्या मनात तसंच निघायचं आलं. कोणी हिमालयात लांबच्या ट्रेकला जातो, कोणी एखाद्या मागणीसाठी पदयात्रेत. आपल्या शेजारची हिंदू भावंडंही दरवर्षी शेगावहून आणि कौंडण्यपूरहून पालखीसोबत पंढरपूरला महिनाभर चालतात.

निघणाऱ्याची तयारी सगळे करतात. बूट, बॅग, औषधं, पॉवर बँक, सगळ्याची यादी असते. मागं राहिलेल्या बीवीची आणि लेकरांची भेट कुठं, केव्हा आणि कशी होणार, हे मात्र बहुतेक वेळा "बघू, फोन करतो" यावर सुटतं. ते निघण्याआधीच बसून ठरवता येतं. कसं, ते आज सांगतो.

आमची चूक

आधी आमच्याच घरातलं सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या घरचा एक जण जवळजवळ चार महिन्यांसाठी पायी निघाला. दीड महिन्यानंतर भेटायचं ठरलं. तारीख पक्की केली, तिकिटं काढली. पण नेमकं कुठं भेटायचं ते ठरवलंच नाही. "त्या तारखेला मी जिथं असेन तिथं या," एवढंच बोलणं झालं.

वाटेत पाऊस लागला, एकाचा पाय सुजला, आणि सगळे चार दिवस मागं पडले. वहिनी दोन लेकरं घेऊन ज्या स्टेशनावर उतरल्या, तिथून तो ऐंशी-नव्वद किलोमीटर मागं होता. धाकटीला ताप. ओळखीचं कोणी नाही. दोन रात्री लॉजवर काढल्या आणि मोठ्याची परीक्षा असल्यामुळं न भेटताच परत आल्या. त्यानंतर फोनवर जे बोलणं झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. चूक कोणा एकाची नव्हती. आम्ही घरच्या सगळ्यांनी मिळून तो बेत केला होता, आणि तो बेतच कच्चा होता.

भेट हा हक्क आहे

दीनच्या कामासाठी किंवा मोठ्या ध्येयासाठी निघालेल्या माणसाला घरच्यांनी भेटीचं विचारावं की नाही, असा संकोच काही घरांत असतो. तो नसावा. हजरत उमर (रजि.) यांच्याबद्दलची रिवायत आपण ऐकलेली आहे. शौहर मोहिमेवर गेलेल्या एका स्त्रीचं दुःख त्यांच्या कानावर आलं. तेव्हा त्यांनी आपल्या लेकीला, हजरत हफसा (रजि.) यांना विचारलं की एखादी स्त्री शौहरशिवाय किती काळ सबर करू शकते. त्यानंतर त्यांनी सैनिकांना घरापासून दूर ठेवण्याची मुदत ठरवून दिली. काही रिवायतींत ती चार महिन्यांची आहे, काहींत सहा. खलिफानं सैन्याचा नियम बदलला, तो एका घरातल्या स्त्रीच्या तक्रारीवरून.

हदीसमध्ये हेही येतं की काम झालं की मुसाफिरानं घरी परतण्याची घाई करावी, आणि लांबच्या सफरीहून रात्री अचानक घरी येऊ नये. म्हणजे घरच्यांना आधी कळवावं, त्यांना तयारीला वेळ मिळावा. भेटीच्या बेतालाही आम्ही हाच नियम लावतो.

आधी घराचं कॅलेंडर, मग रस्त्याचा नकाशा

बहुतेक जण उलटं करतात. नकाशा उघडतात, कुठल्या दिवशी कुठं पोहोचू ते मांडतात, आणि घरच्यांनी त्यात बसावं अशी अपेक्षा ठेवतात. आम्ही म्हणतो, पहिल्यांदा घरचं कागदावर लिहा. लेकरांच्या परीक्षा, ईद, अम्मी-अब्बूंची दवाखान्याची तारीख, शेतीची घाई, बीवी नोकरी करत असेल तर तिच्या रजा. यातून भेटीसाठी मोकळे दोन-तीन आठवडे निघतात. मग त्या आठवड्यांत चालणारा कुठं असेल ते बघा.

आता हिशोब. पक्क्या रस्त्यावर सवयीचा माणूस दिवसाला २० ते २५ किलोमीटर चालतो. समजा रोज २० किलोमीटर आणि दर सातव्या दिवशी आराम. ४० दिवसांत आरामाचे ५ दिवस वजा केले तर ३५ दिवस चालणं झालं, म्हणजे ७०० किलोमीटर. पण पाऊस, फोड, जुलाब, कोणाचं आजारपण यात दहा टक्के सहज जातात. मग तो ६३० वर असेल. फरक ७० किलोमीटरचा, म्हणजे साडेतीन दिवसांच्या चालण्याचा. आमचा बेत नेमका इथंच फसला होता.

म्हणून आमचा नियम असा: ठिकाण पक्कं ठेवा, तारीख मात्र चार-पाच दिवसांची पट्टी ठेवा. "१२ तारखेला भेटू" असं ठरवू नका. "१२ ते १६ च्या दरम्यान अमुक शहरात भेटू" असं ठरवा. चालणारा आधी पोहोचला तर तिथं थांबेल. मागं पडला तर शेवटचा टप्पा बसनं किंवा रेल्वेनं येईल, भेटेल, आणि नंतर जिथून बस पकडली तिथं परत जाऊन पुढं चालेल. त्यानं चालणं खोटं होत नाही. हे आधीच बोलून ठेवा, नाहीतर तिथं गेल्यावर "आता मी गाडीत कसा बसू" असा अडून बसणारा माणूसही असतो.

भेट आरामाच्या दिवसाला जोडा

चालत्या माणसाला भेटणं म्हणजे संध्याकाळी थकून आलेल्या, जेवताजेवता डोळे मिटणाऱ्या माणसाला भेटणं. म्हणून भेट मुक्कामाच्या दिवशीच ठेवा. मोठ्या पदयात्रांमध्ये असे दिवस आधीच ठरलेले असतात. १९३० च्या दांडी यात्रेत गांधीजींचा सोमवार मौनाचा असे आणि त्या दिवशी चालणं बंद असे. भारत जोडो यात्रेत दसऱ्याला, दिवाळीला आणि वर्षाच्या शेवटी सुट्टी होती. दसऱ्याच्या दोन दिवसांच्या सुट्टीनंतर लगेच, ६ ऑक्टोबर २०२२ ला सोनिया गांधी कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात येऊन मुलासोबत थोडं चालल्या. अमेरिकेत अपालाचियन ट्रेल नावाची सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट आहे. ती एका दमात चालायला पाच-सहा महिने लागतात. तिथले लोक अशा दिवसाला 'झिरो डे' म्हणतात, म्हणजे शून्य किलोमीटरचा दिवस, आणि पुष्कळ जण घरच्यांना त्याच दिवशी बोलावतात.

एकाला दोन दिवस जोडून मिळाले तर उत्तम. पहिला दिवस झोप आणि आंघोळीत जातो. खरं बोलणं दुसऱ्या दिवशी होतं.

ठिकाण कसं निवडायचं?

नकाशावर जवळ दिसणारं ठिकाण पोहोचायला जवळ असेलच असं नाही. खंडवा घ्या. नकाशात ते अकोल्याच्या डोक्यावर दिसतं. पण अकोला–खंडवा जुनी मीटरगेज गाडी आता नाही. रेल्वेनं जायचं तर भुसावळवरून वळसा पडतो. अमरावतीकडून परतवाडा–धारणीचा मेळघाटातला घाटरस्ता आहे, पण लहान लेकरू घेऊन तो सोपा नाही. उलट नांदेड लांब वाटतं, पण अकोल्याहून पूर्णामार्गे सरळ रेल्वे आहे. मुंबई–हावडा मार्गावर तर अकोला आणि बडनेरा दोन्ही आहेत. म्हणून चालण्याच्या वाटेवरचं असं शहर निवडा जिथं अकोला किंवा बडनेऱ्याहून गाडी न बदलता जाता येईल, आणि शक्यतो जिथं एखादं नात्यातलं किंवा ओळखीचं घर असेल.

काही व्यवहाराच्या गोष्टी:

- रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी सुरू होतं. जायचं तिकीट पट्टीच्या मधल्या दिवसाचं काढा. तारीख सरकली तर तत्काळ आहे. ते प्रवासाच्या आदल्या दिवशी एसीसाठी सकाळी १० ला आणि स्लीपरसाठी ११ ला उघडतं.
- एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. म्हणून भेट महाराष्ट्रातच बसत असेल तर खर्च बराच कमी होतो. राज्याबाहेरच्या अंतराला ही सवलत धरू नका.
- भेटीचे पैसे निघण्याआधीच वेगळे काढून बीवीच्या हातात द्या. नंतर मागावे लागले की भेट मागं पडते.

सफरीचे मसले आधी विचारून घ्या

हनफी मसलकात साधारण ७७-७८ किलोमीटरच्या पुढं सफर धरली जाते, आणि एका ठिकाणी १५ दिवसांपेक्षा कमी राहायची नियत असेल तर चार रकअतीची फर्ज नमाज कसर, म्हणजे दोन रकअत होते. दोन दिवसांसाठी भेटायला गेलेली बीवी आणि रोज पुढं सरकणारा शौहर, दोघंही मुसाफिर. मुकीम इमामच्या मागं नमाज असेल तर पूर्ण. वाट स्वतःच्या गावातून जात असेल आणि एक रात्र घरी मुक्काम असेल, तर तिथंही पूर्ण. रमजान आला तर मुसाफिराला रोजा पुढं ढकलण्याची सवलत आहे, नंतर कजा करायचा.

मेहरमचा प्रश्न प्रत्येक घरात येतो. हनफी मतानुसार एवढ्या लांबच्या सफरीत स्त्रीसोबत मेहरम असावा. सुरक्षित प्रवासाच्या बाबतीत काही आलिमांचं मत वेगळं आहे. आपल्या आलिमांना आधीच विचारा आणि सोबत कोण येणार ते ठरवा: अब्बू, भाऊ, जाणता मुलगा किंवा सासरे. सासरे मेहरम आहेत, दीर नाही. ही गोष्ट ऐनवेळी लक्षात येते आणि बेत मोडतो. जो सोबत येईल त्याची राहायची सोय वेगळी करा, म्हणजे दोघांना निवांत बोलता येईल.

भेटल्यावर

बायको आली म्हणून पंधरा दिवसांचे मळके कपडे तिच्यापुढं टाकू नका. ते आधीच धुऊन ठेवा. सोबतच्या सगळ्यांसाठी स्वयंपाक तिच्याकडून करून घेऊ नका. तिला जबरदस्तीनं चालवू नका. तिला आवडत असेल तर सकाळचे चार-पाच किलोमीटर सोबत चाला, लेकरांनाही मजा वाटते.

तिनं येताना नवे मोजे, औषधं, चष्म्याचा जोड, घरचं खाणं आणावं, पण वजन बघून. जे येईल ते उद्यापासून पाठीवर वाहायचं असतं. घरातले अडलेले निर्णय, फी, भाडं, कोणाचं लग्न, याची चिठ्ठी करून आणा. पण तो विषय एका तासात संपवा. आणि तिनं विचारलं, "परत येता का?" तर लगेच रागावू नका. पूर्ण ऐकून घ्या. कधीकधी परत येणं हेच बरोबर असतं.

भेट झालीच नाही तर?

शिहाब भाई ८ हजारांहून जास्त किलोमीटर चालून २०२३ मध्ये मक्केला पोहोचले. पण मधले काही महिने ते पंजाबात वाघा सीमेजवळ पाकिस्तानच्या व्हिसाची वाट पाहत अडकले होते. कितीही नीट आखा, असं होऊ शकतं. म्हणून दुसरं ठिकाण आणि दुसरी पट्टीही लिहून ठेवा. आठवड्यात एक वार ठरवा, समजा जुमाच्या असरनंतर, ज्या वेळी काहीही झालं तरी फोन होईलच. सोबतच्या दोन माणसांचे नंबर घरी असू द्या. चार महिन्यांच्या आत एकही भेट होणार नसेल, तर पुढं जायचं की थांबायचं, हे दोघांनी मिळून ठरवा.

आणि चालणारी बीवी असेल तर? आता आपल्या मुलीही ट्रेकला जातात. तेव्हा यातलं सगळं शौहरला लागू. तिकीट त्यानं काढायचं, मोजे त्यानं न्यायचे.

आमच्या घरचा तो माणूस पुढं पुन्हा एकदा निघाला होता. या वेळी दोन भेटी आधीच लिहिल्या होत्या, त्यातली एक नांदेडला. वहिनी आणि लेकरं अकोल्याहून रात्रीच्या गाडीनं गेली. तो दोन दिवस आधीच पोहोचून स्टेशनवर उभा होता. धाकटीनं आधी अब्बूच्या पायाला काय झालं ते विचारलं, मग खाऊ मागितला. अल्हम्दुलिल्लाह, त्या खेपेला कोणी न भेटता परत आलं नाही.

तुमच्या घरातून कोणी निघणार असेल, तर बॅग भरायच्या आधी एक संध्याकाळ दोघांनी बसा. कॅलेंडर, नकाशा आणि पेन, एवढंच लागतं.