डोक्यावरून गेलेले तोफगोळे

आज आपण पानिपतला जाणार आहोत, पण लढाई कोणी जिंकली, कोण चुकलं, यात मी शिरणार नाही. त्यावर आपल्याकडे कमी व्हिडिओ नाहीत! आपला विषय पदार्थविज्ञानाचाच आहे: वस्तू खाली कशी पडते, फेकलेली कशी जाते आणि गोल कशी फिरते.

दिल्लीपासून साधारण ९० किलोमीटरवर पानिपत, आणि शहराबाहेर सुमारे ८ किलोमीटरवर काला अंब. इथे एक आंब्याचं झाड होतं, रणातल्या रक्ताने ते काळवंडलं अशी कथा सांगतात. झाड केव्हाच गेलं. आता तिथे स्मारक आहे, आणि दर १४ जानेवारीला महाराष्ट्रातूनही माणसं येतात. मी तिथे उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा जाणवला तो सपाटपणा. टेकडी नाही, चढ नाही, उतार नाही. शाळेच्या पुस्तकात प्रक्षेपकाचं गणित 'जमीन सपाट आहे असे माना' म्हणून सुरू होतं, तशीच जमीन.

१४ जानेवारी १७६१ च्या लढाईची जी वर्णनं आपल्याकडे आहेत त्यात काशीराजाचं महत्त्वाचं. हा गृहस्थ शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, म्हणजे समोरच्या बाजूने पाहत होता. तो एक गोष्ट नोंदवतो: मराठ्यांच्या तोफा मोठ्या आणि जड, त्यांचा रोख पटकन बदलता येत नव्हता, त्यामुळे थोड्याच वेळात गोळे अब्दालीच्या सैन्याच्या डोक्यावरून जाऊन मैलभर मागे पडायला लागले. इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत येतं. आपण त्या ओळीत जरा थांबू.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पुष्कळ जणांना वाटतं, गोळा आधी सरळ जातो आणि जोर संपला की खाली पडायला लागतो. तसं नाही. तोफेचं तोंड सोडल्या क्षणापासून तो पडतच असतो. घरी करून बघा: टेबलाच्या कडेवर दोन नाणी ठेवा, एकाला नुसतं ढकलून खाली पाडा आणि त्याच क्षणी दुसऱ्याला जोरात टिचकी मारा. एक पायाशी पडेल, दुसरं खोलीच्या पलीकडे, पण जमिनीवर 'टक्' एकदाच ऐकू येईल. आडव्या वेगाचा पडण्याशी काही संबंध नाही. पहिल्या सेकंदात वस्तू ५ मीटर पडते, दोन सेकंदांत २०, तीन सेकंदांत ४५. नाणं असो, गोळा असो, हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर हाच हिशोब.

आता तोफ भरू. सोपं जावं म्हणून गोळ्याचा वेग सेकंदाला ३०० मीटर धरू, हवा नाही असं मानू. शत्रू १६०० मीटरवर, म्हणजे मैलभर लांब उभा आहे. तिथे पोचायला गोळ्याला ५.३ सेकंद लागणार. तेवढा वेळ तो हवेत राहायला हवा: निम्मा वेळ चढण्यात, निम्मा उतरण्यात. गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला उभ्या वेगातून १० मीटर काढून घेतं, म्हणून सुरुवातीचा उभा वेग सुमारे २६.६ मीटर हवा. आडवे ३०० आणि उभे २६.६ म्हणजे तोफेचं तोंड आडव्या रेषेच्या वर फक्त ५ अंश. डोळ्यांना जेमतेम कळेल इतकं.

शत्रू काही एका जागी उभा राहत नाही. तो चाल करून ४०० मीटरवर आला. तोफ तशीच आहे, ५ अंशांवर. गोळा त्याच्यापर्यंत १.३३ सेकंदांत पोचतो. गुरुत्वाकर्षण नसतं तर गोळा तेव्हा ३५ मीटर उंचीवर असता. पण तो तेवढ्या वेळात जवळजवळ ९ मीटर पडला. ३५ मधून ९ गेले, राहिले २६. आठमजली इमारतीच्या उंचीवरून गोळा जातोय आणि खाली घोडदौड चालू आहे! त्यांनी वर बघितलं असेल तर तो सूं सूं आवाज ऐकूनच.

मग तोंड खाली का नाही केलं? ४०० मीटरसाठी कोन सव्वा अंश हवा, म्हणजे पावणेचार अंशांचा फरक. तीन मीटर लांबीची तोफ मधल्या खुंट्यांवर तोललेली असेल, तर तिचं मागचं टोक सुमारे १० सेंटीमीटर, म्हणजे चार इंच उचलायचं आणि खाली लाकडी पाचर ठोकायची. कागदावर चार इंच काहीच नाही. पण तोफ दर बाराला मागे हटते, ती ढकलून जागेवर आणायची, धुरात अंतराचा अंदाज घ्यायचा, आणि शत्रू तेवढ्यात आणखी शंभर मीटर पुढे आलेला असतो. उलट अफगाणांकडे जंबुरके होती, उंटाच्या पाठीवरच्या फिरत्या हलक्या तोफा. गोळा लहान, पल्ला कमी, पण रोख हाताने फिरवता येतो. जवळच्या लढाईत मला ते हत्यार जास्त शहाणं वाटतं.

एवढ्यावरून 'चार इंचांनी पानिपत गेलं' असं मात्र कोणी लिहू नका. सैन्य उपाशी होतं, रसद तुटली होती. आणि इब्राहिमखान गारद्याने तर तोफा थांबवून आपली पलटण संगिनी घेऊन रोहिल्यांवर घातली होती. आपली माणसं पुढे गेली की मागून सव्वा अंशाने तोफ डागायची कोणाची हिंमत होणार?

हवेबद्दलही एक वाक्य. इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने १७४२ सालच्या पुस्तकात दाखवलं होतं की वेगवान गोळ्याला हवेचा अडथळा लोक समजत त्यापेक्षा फार मोठा असतो. त्यामुळे खरी वाट आपल्या गणितातल्या अन्वस्तासारखी सारख्या दोन बाजूंची नसते. गोळा चढतो सावकाश आणि उतरतो जास्त तिरका.

आता या तोफेला वाटेल तेवढी दारू घालू. पानिपतची जमीन सपाट दिसते, पण पृथ्वी गोल आहे: ८ किलोमीटर गेलं की जमीन सुमारे ५ मीटर खाली वळते. आणि ५ मीटर म्हणजे वस्तू पहिल्या सेकंदात पडते तेवढंच अंतर! म्हणजे गोळा सेकंदाला साधारण ८ किलोमीटर वेगाने आडवा सोडला, तर तो जितका पडेल तितकीच जमीन खाली सरकेल. तो पडत राहील आणि जमीन त्याला सापडणार नाही. हवा नसती तर ८४ मिनिटांनी तो तोफेच्या मागून येईल, तेव्हा गोलंदाजाने बाजूला व्हावं हे बरं. डोंगरावरच्या तोफेची ही कल्पना न्यूटनची, त्याच्या मृत्यूनंतर १७२८ साली छापली गेली. लागणारा वेग आपल्या तोफेच्या २६ पट आहे, एवढाच काय तो फरक. अंतराळ स्थानकातली माणसं तरंगतात ती याच कारणाने. गुरुत्वाकर्षण तिथे भरपूर आहे, पण स्थानक आणि माणसं एकत्र पडतायत.

गोल फिरण्याला बाहेर ढकलणारं बल लागतं, असं अजून कोणाला वाटत असेल तर शेतातली गोफण आठवा. दोरी दगडाला आत ओढते, म्हणून तो गोल फिरतो. दोरीचं एक टोक सोडलं की दगड बाहेर फेकला जात नाही, त्या क्षणी ज्या दिशेने चालला होता त्या दिशेने सरळ सुटतो. चंद्राची दोरी म्हणजे गुरुत्वाकर्षण. तो पृथ्वीच्या मध्यापासून साधारण ६० त्रिज्या लांब आहे, म्हणून तिथे ओढ ६० गुणिले ६०, म्हणजे ३६०० पटींनी कमी. सेकंदाला एक किलोमीटर आडवा जाताना तो पृथ्वीकडे जेमतेम १.४ मिलिमीटर पडतो, आणि तेवढं पडणं त्याला वर्तुळात ठेवायला पुरतं. लढाईच्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती. सूर्य मावळला तेव्हा अर्धा चंद्र पानिपतावर उंच असणार आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळला असणार. गोळ्यांना लागू होता तोच नियम त्यालाही.

जाता जाता एक गणित. तोफ तीच, ५ अंशांवर, वेग ३००. शत्रू ८०० मीटरवर असताना गोळा किती उंचावरून जाईल? आधी त्याला तिथे पोचायला किती वेळ लागेल ते काढा, मग तेवढ्या वेळात तो किती पडेल ते वजा करा. उत्तर ३५ मीटरच्या आसपास यायला हवं. आणि वाटेत याहून जास्त उंची तो कुठेच का गाठत नाही, तेही शोधा.