कपाशीचे रात्रपाळीचे राखणदार

भाद्रपदातल्या तिन्हीसांजेला मूर्तिजापूर तालुक्यातल्या एखाद्या कपाशीच्या धुऱ्यावर घटकाभर उभे राहिले, म्हणजे डोक्यावरून झेपावत, गर्रकन वळत अंधारात विरून जाणाऱ्या ज्या पाकोळ्या दिसतात, त्या पतंग टिपणारी चिमुकली वटवाघळे होत. आणि पतंगाच्या मादीने घातलेल्या अंड्यांतूनच बोंडअळी निघत असल्यामुळे, महसुलाच्या कोणत्याही दप्तरात नोंद नसलेली ही चाकरी कास्तकाराच्या पदरी पडत असते.

टेक्ससमध्ये या चाकरीचा हिशेबच मांडला गेला. सॅन अँटोनिओजवळच्या ब्रॅकन गुहेत मेक्सिकोहून दर वसंतात लक्षावधी वटवाघळे येऊन पिल्ले वाढवतात. त्या जातीमुळे तेथील आठ परगण्यांत कापसाचे जे नुकसान टळते आणि जी फवारणी वाचते, त्या दोहोंचे मोल शास्त्रज्ञांनी २००६ साली वर्षाला सुमारे ७,४१,००० डॉलर ठरवले.

परंतु याच प्रवासी जातीचे जीव टेक्ससच्या पवनचक्क्यांखाली मरून पडतात. दुरून संथ भासणाऱ्या पात्याचे टोक ताशी २५० किलोमीटरहून अधिक वेगाने फिरते, आणि वटवाघळे अधिक उडतात ती नेमकी मंद वाऱ्याच्या रात्री. या जातीची मादी वर्षाला एकच पिल्लू देते, म्हणून ही तूट लवकर भरून येत नाही.

आपल्याकडेही कच्छमधील पवनचक्क्यांखाली मृत वटवाघळे सापडली आहेत, आणि चिखलदऱ्याजवळ मोथ्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत.

वीज हवीच, याविषयी माझा वाद नाही. पेन्सिल्व्हेनियात २००८ व २००९ साली स्थलांतराच्या दिवसांत, वारा मंद असेतो रात्री पाती थांबवून ठेवली, तेव्हा मृत्यू ४४ ते ९३ टक्क्यांनी घटले आणि वर्षाच्या विजेतला तोटा एक टक्क्याच्या आत राहिला. एवढ्या स्वल्प किमतीत जीव वाचत असतील, तर वऱ्हाडात नव्या चक्कीचा परवाना देतानाच ही अट कलमबद्ध का करू नये? चक्कीखाली पहाटे, कोल्ह्या-कावळ्यांनी कलेवर उचलण्यापूर्वी, फेरी मारून नोंदवही लिहिणारा एक माणूसही त्याच करारात नेमता येईल.